सम्राट गेला १९१२ ला, माओ आला १९४९ ला: मधल्या काळात चीनमध्ये काय घडलं?

विचारलेला प्रश्न असा: चीनमधली दोन हजार वर्षांची बादशाही काही महिन्यांत कशी कोसळली, तिच्या जागी आलेलं प्रजासत्ताक का टिकलं नाही, शेवटी कम्युनिस्टच का जिंकले, आणि हे सगळं अटळ होतं का? मी बरीच वर्षं महाविद्यालयात आधुनिक चीनचा इतिहास शिकवत आलो आहे. हा प्रश्न मला फार जवळचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

बहुतेकांच्या मनात असं असतं की राजा जुलमी होता, जनता पेटून उठली, क्रांती झाली आणि लाल झेंडा लागला. चीनमध्ये राजाला लाल झेंडेवाल्यांनी हटवलं नाही. १२ फेब्रुवारी १९१२ ला शेवटच्या सम्राटाने गादी सोडली, तेव्हा चिनी कम्युनिस्ट पक्ष जन्माला यायला नऊ वर्षं बाकी होती. पुढे कम्युनिस्टांनी ज्यांच्याकडून सत्ता घेतली ते कुओमिंतांग या राष्ट्रवादी पक्षाचे लोकही स्वतःला क्रांतिकारकच म्हणवत होते. म्हणजे ही राजा विरुद्ध कम्युनिस्ट अशी लढाई नव्हतीच. रशियात झार मार्च १९१७ मध्ये गेला आणि बोल्शेविकांनी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सत्ता घेतली. मध्ये आठ महिनेही नव्हते. चीनमध्ये सदतीस वर्षं होती, आणि खरं उत्तर त्या सदतीस वर्षांत आहे.

माझं मत आधीच सांगतो. या काळातल्या घोषणा आणि विचारसरणी महत्त्वाच्या आहेतच, पण विद्यार्थ्यांना मी कायम एक साधा प्रश्न धरून वाचायला सांगतो: शेतसारा कोण वसूल करतंय, त्यावर कोणाचं सैन्य पोसलं जातंय, आणि सारा देणाऱ्या गावाला त्या बदल्यात काय मिळतंय? हा प्रश्न हातातून सुटला की चीनची क्रांती म्हणजे नावांचा आणि लढायांचा गुंता वाटू लागते.

मूळच्या ईशान्येकडच्या मांचू लोकांचं छिंग घराणं १६४४ पासून बीजिंगमध्ये राज्य करत होतं. त्याच्या पडझडीची सुरुवात सहसा ब्रिटनशी झालेल्या अफूच्या युद्धापासून सांगतात. त्या अफूशी आपलाही संबंध आहे. माळव्याची अफू मुंबई बंदरातून दक्षिण चीनमधल्या कँटनकडे जायची, आणि जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारख्या मुंबईच्या व्यापाऱ्यांची संपत्ती कापूस आणि अफूच्या याच व्यापारात उभी राहिली. १८४२ च्या नानजिंग तहाने हाँगकाँग गेलं, पाच बंदरं उघडावी लागली आणि २ कोटी १० लाख चांदीचे डॉलर भरावे लागले. ही मोठी नामुष्की होती, पण राज्ययंत्र त्याने मोडलं नाही.

ते मोडलं तायपिंग बंडात. १८५० ते १८६४ या चौदा वर्षांत दोन कोटींहून जास्त माणसं मेली असं मानलं जातं. सम्राटाच्या खड्या फौजा निकामी ठरल्या. तेव्हा त्संग क्वो-फान या हुनान प्रांतातल्या अधिकाऱ्याने आपल्या मुलखातली माणसं गोळा करून स्वतःचं सैन्य उभं केलं. अधिकारी ओळखीतले, आणि शिपाई त्या अधिकाऱ्यांनी भरती केलेले. खर्चासाठी रस्त्यांवर आणि नद्यांच्या घाटांवर मालावर जकात बसवली. ती वसूल व्हायची प्रांतात आणि बहुतांश खर्चही व्हायची प्रांतातच. बंड मोडलं, घराणं वाचलं. पण सैन्य आणि महसूल दोन्ही बीजिंगच्या हातून प्रांतांकडे सरकले आणि पूर्णपणे परत कधीच आले नाहीत. १९१२ नंतरच्या लष्करशहांचं मूळ मला इथे दिसतं. त्संग स्वतः निष्ठावान होता. त्याच्यामागून आलेले सगळे तसे निघाले नाहीत.

पुढचा भाग भरभर सांगतो. १८९५ मध्ये जपानकडून पराभव झाला. तैवान गेलं आणि शेवटी २३ कोटी ताएल चांदी द्यावी लागली. एक ताएल म्हणजे साधारण ३७ ग्रॅम. १८९८ मध्ये तरुण सम्राट क्वांगश्यूने सुधारणांचा धडाका लावला, आणि शंभरएक दिवसांत राजमाता त्सशीने त्याला नजरकैदेत टाकलं. १९०० मध्ये परदेशीयांविरुद्ध बॉक्सर उठाव झाला, आठ देशांच्या फौजा बीजिंगमध्ये शिरल्या आणि ४५ कोटी ताएल दंड बसला. तो फेडायला ३९ वर्षांची मुदत होती. एवढा पैसा फेडायचा म्हणजे सीमाशुल्क आणि मिठाचा कर परदेशी सावकारांकडे गहाण पडणार. झालंही तसंच.

या धक्क्यानंतर दरबाराने खऱ्याखुऱ्या सुधारणा हाती घेतल्या, आणि त्याच त्याच्या अंगाशी आल्या. १९०५ मध्ये सरकारी अधिकारी निवडण्याची जुनी परीक्षापद्धती बंद झाली. हा निर्णय मला १९११ च्या बंडाइतकाच महत्त्वाचा वाटतो. गावातला जमीनदार पिढ्यान् पिढ्या मुलाला अभिजात ग्रंथ पाठ करायला लावायचा, कारण परीक्षा पास झाली की घराला प्रतिष्ठा मिळायची आणि सम्राटाची चाकरीही. गाव आणि सिंहासन यांना जोडणारा तो सर्वांत भक्कम दोर होता. तो दरबाराने स्वतःच कापला. ती मुलं मग नव्या शाळांत गेली, नव्या सैन्यात गेली आणि हजारोंच्या संख्येने टोकियोला गेली. त्याच वर्षी टोकियोत राजेशाहीविरोधी पुढारी सन यत सेन यांनी आपली क्रांतिकारी संघटना बांधली, हा योगायोग नव्हे. १९०९ मध्ये प्रांतिक सभा भरू लागल्या. ज्या वर्गाचा गादीशी संबंध तुटत होता, त्यालाच एकत्र बसून बोलायला जागा मिळाली.

नोव्हेंबर १९०८ मध्ये क्वांगश्यू आणि त्सशी एका दिवसाच्या अंतराने वारले. गादीवर बसला पु यी, वय अजून तीनही नाही. कारभार त्याच्या वडिलांकडे. मे १९११ मध्ये पहिलं मंत्रिमंडळ जाहीर झालं. तेरा जणांपैकी देशात बहुसंख्य असलेले हान चिनी फक्त चार, आणि मांचूंमध्ये राजघराण्यातल्यांचाच भरणा. संविधानाची आशा धरून बसलेले सभ्य, मवाळ लोक त्या दिवशी दुरावले. त्याच महिन्यात सरकारने प्रांतांच्या रेल्वे कंपन्या ताब्यात घ्यायचं ठरवलं, तेही परदेशी कर्ज काढून.

सिचुआनमध्ये यावरून जे पेटलं ते नीट समजून घ्यायला हवं. तिथल्या रेल्वे कंपनीचं भांडवल थोड्या धनिकांनी दिलेलं नव्हतं. जमिनीच्या उत्पन्नावर जास्तीचा आकार बसवून ते जमवलं होतं, आणि बदल्यात शेअर दिले होते. म्हणजे लहानसहान जमीनवाल्याचेही पैसे त्यात होते. त्यातले बरेच शांघायच्या सट्ट्यात बुडाले होते आणि ते भरून द्यायला सरकार तयार नव्हतं. सप्टेंबरमध्ये छंगतू शहरात जमावावर गोळीबार झाला. उठाव दडपायला शेजारच्या हूपे प्रांतातलं सैन्य तिकडे धाडलं गेलं, आणि हूपेची राजधानी वूचांगमध्ये मोजकंच सैन्य उरलं.

९ ऑक्टोबर १९११ ला वूचांगसमोर नदीपलीकडच्या हांकौमध्ये क्रांतिकारकांच्या हातून चुकून बाँब फुटला. पोलिसांना सदस्यांच्या याद्या सापडल्या. ज्यांची नावं त्यात होती त्या सैनिकांपुढे दोनच रस्ते होते, पकडून मारलं जाणं किंवा बंड करणं. १० ऑक्टोबरच्या रात्री त्यांनी वूचांगमध्ये बंड केलं. सुभेदार पळून गेला. बंडवाल्यांकडे मोठा पुढारी नव्हता, म्हणून त्यांनी ली युआन-हुंग या ब्रिगेडच्या प्रमुखाला बंदुकीच्या धाकाने नेता केलं. सन यत सेन तेव्हा अमेरिकेत डेन्व्हरला होते आणि त्यांना ही बातमी वर्तमानपत्रातून कळली. पुढच्या दोन महिन्यांत डझनाहून जास्त प्रांतांनी स्वातंत्र्य जाहीर केलं. बऱ्याच ठिकाणी पुढाकार प्रांतिक सभेतल्या जमीनदारांचा आणि नव्या सैन्यातल्या अधिकाऱ्यांचा होता. शेतकरी यात जवळपास नव्हताच. १९११ च्या क्रांतीची ही मर्यादा लक्षात ठेवा.

शेवटचा घाव घातला युआन शिकाईने. उत्तरेचं सर्वांत चांगलं सैन्य त्याचं. दरबाराने त्याला बंड मोडायला बोलावलं. त्याने थोडं लढून दाखवलं आणि मग दोन्ही बाजूंशी बोलणी केली. क्रांतिकारकांना म्हणाला, राष्ट्राध्यक्षपद मला द्या, सम्राटाला मी घालवतो. १ जानेवारी १९१२ ला अध्यक्ष झालेले सन यत सेन फेब्रुवारीत बाजूला झाले. राजघराण्याला वर्षाला ४० लाख ताएल तनखा आणि राजवाड्यात राहण्याची मुभा मिळाली. रशियात झारचं कुटुंब १९१८ च्या जुलैत येकातेरिनबुर्गला गोळ्या घालून मारलं गेलं. चीनचा बालसम्राट १९२४ पर्यंत राजवाड्यात राहत होता. पुढे जपान्यांनी त्याला ईशान्येच्या मांचुरियात बाहुलं म्हणून गादीवर बसवलं, १९४५ मध्ये सोव्हिएत सैन्याने पकडलं, १९५९ मध्ये कम्युनिस्टांनी माफ केलं आणि १९६७ मध्ये तो सामान्य नागरिक म्हणून बीजिंगमध्ये वारला. १९१२ नंतर चीनच्या राजकारणात त्याला महत्त्व उरलं नव्हतं, म्हणून त्याची गोष्ट इथेच संपवतो.

आता प्रजासत्ताक. ते जन्मतःच खोटं होतं असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. १९१२-१३ च्या हिवाळ्यात तिथे निवडणुका झाल्या. मताधिकार मालमत्ता किंवा शिक्षण असलेल्या पुरुषांपुरताच होता, पण असे मतदार काही कोटी होते. सन यत सेन यांच्या संघटनेतून निघालेला कुओमिंतांग पक्ष जिंकला. सुंग च्याओ-रन हा त्याचा तिशीतला संघटक पंतप्रधान होईल अशी चिन्हं होती. अध्यक्षाला संसदेपुढे उत्तर द्यावं लागलं पाहिजे, असं तो सभांमधून उघड बोलत होता. २० मार्च १९१३ ला शांघायच्या रेल्वे स्थानकावर त्याला गोळी घातली आणि दोन दिवसांनी तो गेला. संशय युआनच्या माणसांवर गेला. पुढच्याच महिन्यात युआनने संसदेला न विचारता परदेशी बँकांकडून अडीच कोटी पौंडांचं कर्ज काढलं, मिठाच्या करावर. माझ्या दृष्टीने प्रजासत्ताक मेलं ते इथे. ज्या संसदेच्या हातात तिजोरीच्या किल्ल्या नाहीत, तिला सैन्यवाला कशाला भीक घालेल? जानेवारी १९१४ मध्ये संसद बरखास्त झाली. १९१५ च्या अखेरीला युआनने स्वतःलाच सम्राट जाहीर केलं, प्रांत उलटले, मार्चमध्ये माघार घ्यावी लागली आणि जून १९१६ मध्ये तो वारला. १९१७ मध्ये आणखी एका सेनापतीने पु यीला पुन्हा गादीवर बसवलं, ते बारा दिवस टिकलं. लोकांना सम्राट परत नको होता हे यातून स्पष्ट झालं, पण सम्राटाच्या जागी काय हवं याचं उत्तर कोणाकडे नव्हतं.

मग दहा-बारा वर्षं लष्करशहांची. ज्याच्याकडे फौज, त्याचा प्रांत, त्याचाच सारा. सिचुआनसारख्या ठिकाणी पुढच्या कित्येक वर्षांचा सारा आगाऊ वसूल होत होता, कारण पुढच्या वर्षी आपण इथे असू याची कोणालाच खात्री नव्हती. गावातले जुने प्रतिष्ठित लोक, जे पूर्वी दुष्काळात धान्य वाटायचे आणि तंटे सोडवायचे, ते शहरात निघून गेले. त्यांच्या जागी आले वसुलीचे ठेकेदार आणि गुंड. शेतकऱ्याच्या नजरेत सरकार म्हणजे फक्त घेणारा हात झाला.

शहरात वेगळीच खळबळ होती. पहिल्या महायुद्धात चीन दोस्तांच्या बाजूने होता, तरी व्हर्सायच्या तहात शांतुंग प्रांतातले जर्मन हक्क जपानला दिले गेले. ४ मे १९१९ ला बीजिंगचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले. लोकशाही देशांनी फसवलं ही भावना खोल रुजली, आणि नेमक्या त्याच उन्हाळ्यात सोव्हिएत सरकारने झारने बळकावलेले हक्क सोडत असल्याची घोषणा केली. मार्क्सचे ग्रंथ तेव्हा फार थोड्यांनी वाचले होते. रशियाकडे ओढा निर्माण झाला तो या अपमानातून. जुलै १९२१ मध्ये शांघायला कम्युनिस्ट पक्षाचं पहिलं अधिवेशन झालं तेव्हा देशभरात सभासद पन्नास-साठ होते. हुनानमधून आलेल्या प्रतिनिधींत माओ होता.

मॉस्कोच्या सल्ल्याने हा छोटा पक्ष कुओमिंतांगच्या आत शिरला. कुओमिंतांगच्या व्हाम्पोआ सैनिकी शाळेचा प्रमुख चँग कै शेक, जो पुढे त्या पक्षाचा नेता झाला; तिच्या राजकीय विभागात कम्युनिस्ट चाऊ एन लाय. १९२६ मध्ये उत्तरेवर मोहीम निघाली, लष्करशहा एकेक करून हरले, आणि १२ एप्रिल १९२७ ला चँगने शांघायमध्ये कम्युनिस्टांची कत्तल केली. या नाट्यात एक भारतीय पात्र होतं, मानवेंद्रनाथ रॉय. मॉस्कोचे प्रतिनिधी म्हणून ते वूहान शहरात होते, जिथे कुओमिंतांगच्या डाव्या गटाचं सरकार होतं. स्टालिनची गुप्त तार, ज्यात जमिनी ताब्यात घ्या आणि स्वतंत्र सैन्य उभारा असा आदेश होता, ती त्यांनी त्या गटाचा नेता वांग चिंग-वेई याला दाखवली. डावा गटही बिथरला आणि युती तुटली. तार दाखवली नसती तरी ती तुटलीच असती, असं मला वाटतं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींसारखे लोक नंतर ज्या रॉय यांच्याभोवती जमले, त्या रॉय यांच्या मनावर चीनमधल्या या अपयशाची छाया होती. रॉयवादाचा अभ्यास करणाऱ्याने १९२७ चं वूहान टाळू नये.

शहरं गेल्यावर कम्युनिस्ट डोंगरात गेले. १९२७ च्या सुरुवातीलाच माओने हुनानच्या गावांत फिरून अहवाल लिहिला होता की शेतकरी वादळासारखा उठेल. पक्षातल्या पंडितांना तो पटला नव्हता, कारण क्रांती कामगारांनी करायची असते असं ग्रंथ सांगत होते. च्यांगशी प्रांतात त्यांनी काही वर्षं आपलं राज्य चालवलं. चँगच्या पाचव्या वेढ्यात ते हरले आणि ऑक्टोबर १९३४ मध्ये दीर्घ कूच सुरू झाली. निघाले तेव्हा ऐंशी हजारांच्या वर होते. वर्षभराने उत्तरेत पोचले ते माओबरोबरचे सातआठ हजार. या कूचाभोवती नंतर दंतकथा पुष्कळ उभ्या राहिल्या. खरं म्हणजे तो पराभव होता. १९३६ मध्ये कोणी पैज लावली असती तर ती चँगवरच लावली असती.

आणि चँगचं सरकार अगदीच कुचकामी नव्हतं. राजधानी नानजिंगमधून त्याने रस्ते, रेल्वे, चलन, शाळा यांवर बरंच काम केलं, सीमाशुल्क ठरवण्याचा हक्क परदेशी सत्तांकडून परत मिळवला. पण एक गोष्ट त्याने १९२८ मध्येच सोडून दिली: शेतसारा प्रांतांना देऊन टाकला. केंद्र चालायचं सीमाशुल्क, मीठ आणि कारखान्यांच्या मालावरच्या करावर. म्हणजे शांघाय आणि किनाऱ्यावरची शहरं हातात असेपर्यंत चँग श्रीमंत. गावाशी त्याचा थेट संबंध नव्हता. तिथे जुनेच ठेकेदार, जुनेच जमीनदार, जुनाच खंड, पिकाच्या निम्म्याच्या आसपास.

जुलै १९३७ मध्ये जपानने सर्वंकष युद्ध सुरू केलं आणि दीड वर्षात किनाऱ्यावरची बहुतेक मोठी शहरं गेली. माझ्या मते पूर्ण कथेतली सर्वांत निर्णायक घटना हीच. सीमाशुल्क गेलं, मिठाचा मोठा हिस्सा गेला, कारखाने गेले. देशाच्या आतल्या भागात चुंगकिंगला हटलेल्या सरकारने दोन उपाय केले. नोटा छापल्या, आणि १९४१ पासून शेतसारा पुन्हा केंद्राकडे घेऊन तो धान्यात वसूल करायला लागलं. ज्या सरकारची गावात मुळंच नव्हती, ते आता सैन्यासाठी गावात धान्य उचलायला शिरलं. १९४२-४३ मध्ये होनान प्रांतात अवर्षण पडलं तरी वसुली थांबली नाही. त्या दुष्काळात वीस ते तीस लाख माणसं मेली असा अंदाज आहे. याच प्रांतात १९३८ मध्ये जपान्यांना अडवायला चँगच्या सैन्याने पीत नदीचा बांध फोडला होता आणि लाखो लोक मेले होते. १९४४ मध्ये जपानी फौज पुढे आली तेव्हा होनानच्या शेतकऱ्यांनी मागे हटणाऱ्या चिनी सैनिकांनाच गाठून त्यांची हत्यारं काढून घेतली. आपल्याच सैन्याला परक्यापेक्षा वाईट मानायची पाळी शेतकऱ्यावर यावी, यापेक्षा कडवट प्रसंग मला त्या काळात दुसरा दिसत नाही.

हे लिहिताना चँगवर अन्याय नको. जपानशी मोठ्या लढाया, शांघाय, वूहान, छांगशा, त्याच्याच सैन्याने लढल्या आणि लाखो सैनिक गमावले. कम्युनिस्ट बहुतेक वेळ जपानी फळीच्या मागे, खेड्यांत पसरत होते. जपान्यांकडे शहरं आणि रेल्वेमार्ग होते, त्यांच्यामधला विस्तीर्ण मुलूख मोकळाच होता. तिथे कम्युनिस्टांनी जमीन काढून घेतली नाही. खंड पाव हिश्श्याने कमी केला, सावकारी व्याजाला मर्यादा घातली, आणि धान्याचा सारा असा लावला की मोठ्या जमीनवाल्याला जास्त, गरिबाला कमी किंवा काहीच नाही. गावसमितीत जमीनदाराच्या माणसालाही जागा ठेवली. बदल्यात गावाने धान्य दिलं, बातम्या दिल्या, मुलं दिली. १९३७ मध्ये चाळीस हजारांच्या आसपास असलेला पक्ष १९४५ मध्ये बारा लाखांवर गेला.

हा मुलूख आपल्या दोन डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहिला. १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच जणांच्या वैद्यकीय पथकात नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. कोटणीस येनान या कम्युनिस्टांच्या मुख्य ठाण्याहून पुढे थेट आघाडीजवळच्या भागात गेले, बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. त्या लोकांबद्दल त्यांना वाटलेली आपुलकी खरी होती. पण त्याच १९४२ मध्ये येनानमध्ये पक्षशुद्धीची मोहीम सुरू झाली. सभांमध्ये माणसांकडून कबुलीजबाब वदवून घेतले गेले, वांग शी-वेई या लेखकाला टीकेबद्दल अटक झाली आणि १९४७ मध्ये त्याला मारलं. गावाशी जुळवून घेणारी आणि आतला विरोध चिरडणारी संघटना एकच होती. दोन्ही बाजू एकत्र पाहिल्याशिवाय पुढचं काहीच उलगडत नाही.

ऑगस्ट १९४५ मध्ये सोव्हिएत सैन्य मांचुरियात घुसलं. कम्युनिस्ट तिथे धावले. जपान्यांची शस्त्रं मिळाली, आणि पाठीशी सोव्हिएत सीमा आली. चँगने आपली उत्तम दळं तिकडे पाठवली. ती शहरांत अडकून पडली. १९४६ च्या मे महिन्यात पक्षाने खंडकपातीचं धोरण सोडून जमीनवाटप सुरू केलं. यात हिंसा होती, ठरवून केलेली होती. गावाने भर सभेत जमीनदारावर हात उचलला की परतीचा रस्ता बंद होतो, कारण चँगचं सैन्य परत आलं तर सूड ठरलेला. ज्याला जमीन मिळाली त्याच्यापुढे ती राखायला सैन्यात जाण्यावाचून पर्याय उरला नाही. १९४८ मध्ये छांगछुन शहराला घातलेल्या वेढ्यात लाखाच्या वर नागरिक उपासमारीने मेले, कारण वेढा घालणाऱ्या कम्युनिस्ट सैन्याने त्यांना बाहेर पडू दिलं नाही. विजयाच्या वर्णनात हे सहसा गाळतात.

शहरांत चँगचा शेवट नोटांनी केला. ऑगस्ट १९४८ मध्ये नवं चलन आलं, जुने ३० लाख युआन द्या आणि एक नवा घ्या. लोकांनी सोनं, चांदी, डॉलर सरकारजमा करावेत असा हुकूम निघाला. मध्यमवर्गाने तो पाळला. दोन-अडीच महिन्यांत किमतींवरचं नियंत्रण उठवावं लागलं आणि नवा युआनही कागद झाला. हाच शिक्षक, कारकून, दुकानदार वर्ग कुओमिंतांगचा खरा आधार होता, आणि त्याची आयुष्यभराची पुंजी त्याच्याच सरकारने बुडवली. १९४९ मध्ये शांघायच्या लोकांनी नव्या सत्तेला फारसा विरोध केला नाही. लोक कम्युनिस्ट झाले होते म्हणून नव्हे. जुन्या सरकारसाठी रडायला कोणी उरलं नव्हतं.

१९४८-४९ च्या हिवाळ्यात श्वीचौ शहराभोवती ह्वाईहाईची लढाई झाली. कम्युनिस्ट सैन्याच्या मागे रसद वाहायला पन्नास लाखांहून जास्त शेतकरी होते, असे चिनी सरकारी आकडे सांगतात. आकडा फुगवलेला असू शकेल, पण एकचाकी हातगाड्यांवर धान्य आणि दारूगोळा ढकलणाऱ्या माणसांच्या रांगा खऱ्या होत्या. चेन यी या सेनापतीने विजयाचं श्रेय त्या गाड्यांनाच दिलं. त्यातले काही मनापासून आले होते, काही गावसमितीने नेमले म्हणून. चँगला यातला कोणताही मार्ग उपलब्ध नव्हता. जानेवारीत बीजिंग लढाईविना हाती आलं, २३ एप्रिलला नानजिंग पडलं, आणि १ ऑक्टोबर १९४९ ला माओने लोकप्रजासत्ताकाची घोषणा केली.

तर मग हे अटळ होतं का? माझं उत्तर ठामपणे नाही असं आहे. बादशाहीचा शेवट १९०५ नंतर टाळणं अवघड होतं, एवढं मी मान्य करीन. पण सुंग च्याओ-रन जगला असता आणि संसदेने कर्जावर हक्क मिळवला असता, तर प्रजासत्ताकाला निदान संधी होती. जपानने १९३७ मध्ये हल्ला केला नसता तर वायव्येच्या ओसाड टेकड्यांतले ते थोडे हजार लोक फार काळ तग धरते असं मला वाटत नाही. मांचुरियात सोव्हिएत फौज आली नसती तर १९४६ चं युद्ध वेगळं झालं असतं. परीक्षेत ‘ऐतिहासिक अपरिहार्यता’ लिहिणाऱ्यांना मी विचारतो, कोणत्या वर्षापासून? तारीख मागितली की युक्तिवाद डळमळतो.

एक गोष्ट प्रश्नात नाही, पण ती सांगितल्याशिवाय उत्तर अर्धवट राहील. गावापर्यंत पोचलेलं जे यंत्र पक्षाने युद्धात उभं केलं, ते शांततेत विसर्जित झालं नाही. १९५० च्या जमीन कायद्याने वाटप देशभर झालं, आणि त्यात मारल्या गेलेल्यांची संख्या बहुतेक अभ्यासक दहा लाख किंवा त्याहून जास्त धरतात. १९५३ मध्ये धान्याची सक्तीची सरकारी खरेदी आली. वाटलेली जमीन १९५६ पर्यंत सामूहिक शेतीत गेली, १९५८ मध्ये कम्यून, म्हणजे अनेक गावं एकत्र करून केलेल्या सामूहिक वसाहती, आले. स्थानिक अधिकाऱ्यांनी पिकाचे फुगवलेले आकडे वर कळवले, त्या आकड्यांवर वसुली ठरली, आणि १९५९ ते १९६१ मध्ये दीड कोटींपासून साडेचार कोटींपर्यंत, अंदाज वेगवेगळे आहेत, माणसं भुकेने मेली. सर्वांत भीषण हानी झालेल्या भागांपैकी एक शिनयांग, त्या एका जिल्ह्यात दहा लाखांच्या आसपास माणसं गेली. शिनयांग त्याच होनान प्रांतात आहे, जिथे १९४२ मध्ये चँगच्या वसुलीने गावं रिकामी केली होती. या वेळी फरक एवढा होता की सैनिकांची हत्यारं काढून घेणारं कोणी गावात उरलं नव्हतं.